दोन मिनिटांचे काका

"हे बघ, ही तार तू अशी वाकवलीस तर आज तुटणार नाही, उद्या तुटणार नाही, पण ज्या दिवशी गिऱ्हाईक..."

ट्रिंग! टोमॅटोच्या आकाराचं, स्वयंपाकघरातलं ते घड्याळ वाजायचं आणि काका ताडकन उठून निघून जायचे. वाक्य तिथंच. मग नरेशच्या टेबलाशी जाऊन त्याचं मघाचं अर्धं वाक्य पुढं न्यायचे. दोन मिनिटांनी पुन्हा ट्रिंग. मग फोन, मग मांजराला दूध, आणि फिरून माझ्यापाशी, "...घरी नसेल नेमकी त्या दिवशी तुटेल. कळलं?" काय कळणार, कपाळ! तोवर मी तार विसरलेली असायचे आणि गिऱ्हाईकही.

मी कर्जतची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि पहिली नोकरी लागली ती खालापूरला, काकांच्या वर्कशॉपमध्ये. एका बंद पडलेल्या भातगिरणीची शेड, वर पत्रे, आत तीन टेबलं. माणसं आम्ही तिघं: काका, पोशीरचा नरेश आणि मी. मांजर धरून चार. काका मांजर धरायचेच. पंपाचे टायमर, दूध थंड ठेवायच्या टाक्यांचे कंट्रोलर, फार्महाऊसची फाटकं आपोआप उघडणारे बोर्ड आणि अंडी उबवायच्या पेट्या, असला माल आम्ही करायचो. वस्तू कुठलीही असो, तिच्या पोटात काका एकच नखाएवढी चिप घालायचे. त्यांनी ती पोत्यानं भरून ठेवली होती.

ती चिप म्हणजे काकांचं पहिलं प्रेम. काकूंना हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते सोडून दिलं होतं. तिच्यात मेमरी इतकी कमी की एक फोटोसुद्धा मावायचा नाही. मी एकदा म्हटलं, "काका, याच किमतीत आता शंभरपट मोठी मिळते." त्यांनी चष्मा नाकावर आणला. चष्म्याला परकराची नाडी बांधलेली होती. "मोठ्या घरात गेलं की माणूस पसारा करतो," म्हणाले, "चाळीतल्या बाईसारखी स्वच्छ कोणी असते का?"

या एवढ्याशा चिपमध्ये ते एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायचे. चिपला एका वेळी एकच काम जमतं, पण कामं असतात चार. ही सिस्टीम प्रत्येक कामाला थोडा थोडा वेळ वाटून देते, तो इतका भराभर की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळं एकदमच चाललंय. काकांनी मला हे पहिल्या दिवशी असं शिकवलं होतं: "तुझी आई सकाळी काय करते? एका शेगडीवर भात, एकीवर दूध, हातात कणीक. बाई एकच ना? मग कोणाला काय वाटतं, एकदम करते? नाही. दुधाकडे आधी बघते, कारण भात थांबतो, दूध थांबत नाही. हे जिला कळलं तिला ऑपरेटिंग सिस्टीम कळली." मी विचारलं, "आणि मी कोण?" "तू? तू मधेच 'आई, माझा पांढरा टॉप कुठाय' म्हणून ओरडणारी. दूध उतू जातं ते तुझ्यामुळं."

इथवर ठीक होतं. पण काकांना वाटायचं की जे चिपला चांगलं ते माणसाला चांगलं. म्हणून ते टोमॅटोचं घड्याळ. प्रत्येकाला दोन मिनिटं, मग पुढचा. कुणाशी बोलणं कुठं तुटलं ते विसरू नये म्हणून ते चिठ्ठीवर शेवटचा शब्द लिहून शर्टाच्या खिशात टाकायचे. खिशात सातच चिठ्ठ्या. आठवा माणूस आला तर त्याच्याशी बोलणं सुरूच करायचे नाहीत. "खिसा भरला," म्हणायचे, आणि माणूस उभा. एकदा काकूंनी तो शर्ट तसाच धुवायला टाकला. दुसऱ्या दिवशी काका लगद्याचा गोळा तळहातावर घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सगळ्यांनी काल काय चाललं होतं ते पहिल्यापासून सांगा." नरेशनं त्या संधीत पगारवाढीची गोष्ट ठरली होती असं ठोकून दिलं. काकांनी दिलीसुद्धा! मला हे सुचलं नाही याचा मला आजही राग येतो.

दुसरी तऱ्हा पळीची. आमच्याकडे चांगला स्कोप एकच होता, तो विजेच्या लहरी पडद्यावर दाखवतो ना, तो. दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून काकांनी नियम केला: भिंतीवर पितळेची पळी टांगलेली, ज्याच्या हातात पळी त्यानंच स्कोप वापरायचा. झालं काय, एका शनिवारी नरेशनं ती पळी डब्याबरोबर पिशवीत भरली आणि घेऊन गेला पोशीरला. सोमवारी तो आजारी. स्कोप समोर रिकामा बसलेला, मी कामाला खोळंबलेली.

"काका, वापरते ना. इथं कोण आहे दुसरं?"

"पळी कुठाय?"

"नरेशकडं."

"मग नरेश वापरतोय."

"नरेश तापानं झोपलाय!"

"झोपलेला माणूससुद्धा धरून ठेवतो," काका म्हणाले आणि स्कूटर काढून खालापूरहून पोशीरला गेले. अडीच तासानं पळी घेऊन आले. नरेशच्या आईनं ती भाताच्या पातेल्यात घातली होती, त्याची शितं अजून चिकटलेली होती. ती त्यांनी मोठ्या सन्मानानं माझ्या हातात दिली.

आणि तिसरं कुत्रं. खरं कुत्रं नव्हे. चिपमध्ये एक राखणदार असतो. त्याला काकांच्या भाषेत ठरावीक वेळात भाकरी घालावी लागते, म्हणजे 'मी जागी आहे' असं सांगावं लागतं. भाकरी चुकली की तो समजतो चिप अडकली, आणि सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालू करतो. हेही काकांनी माणसांना लावलं. दर अर्ध्या तासानं ते "हां?" म्हणायचे आणि आम्ही "आहे" म्हणायचं. जो म्हणाला नाही त्याला बाहेर काढायचे. त्यानं चप्पल घालायची, फाटकापर्यंत जायचं, परत येऊन चप्पल काढायची आणि "नमस्कार, मी अमुक" असं म्हणून दिवस नव्यानं सुरू करायचा. नेरळचे एक जाडजूड गृहस्थ पंपाच्या तक्रारीला आले होते, पंख्याखाली त्यांचा डोळा लागला. काकांनी त्यांनाही बाहेर काढून आत घेतलं. गंमत म्हणजे परत आल्यावर ते गृहस्थ तक्रार विसरले आणि एक नवा टायमर घेऊन गेले.

पण एका बाबतीत काका चेष्टा चालवून घ्यायचे नाहीत. कोणाचा नंबर आधी, हे. "मान आणि घाई यांत फरक आहे, बाई," ते मला सांगायचे. "लग्नात पहिली पंगत नवरदेवाच्या मामाची. हा मान. आणि मांडवात एका पोराला उलटी येतेय, त्याला आधी मोरीकडं न्यायचं. ही घाई. चिपला घाई कळते, मान कळत नाही. तू मान घुसवलास की मामा जेवत राहील आणि मांडव घाण होईल." मी हसले होते. पोटभर हसले होते.

आता खालाची गोष्ट.

कडावला खैरुन्निसाबी म्हणून एक बाई होत्या. नवरा गेलेला, दीर मटणाचं दुकान चालवायचे. सगळं गाव त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं, मीही. त्यांनी आमच्याकडून अंडी उबवायची पेटी घेतली. डोंगराच्या पायथ्याला ठाकरवाडी आहे, तिथल्या अकरा घरांतल्या बायकांनी आपापल्या गावठी कोंबड्यांची अंडी खालाला विश्वासानं दिली: कोंबडी खुडूक बसवायची तर दोन महिने अंडी बंद, त्यापेक्षा तुमच्या पेटीत उबवा आणि आम्हाला पिल्लं द्या. वाटणीत खालालाही थोडी मिळणार होती. दीर म्हणाले होते, "लोखंडाच्या डब्यातनं पिल्लं निघतात होय? वाडीवर तोंड दाखवायला जागा राहायची नाही." आणि ते खरंच होतं. प्रत्येक घरानं एका वेळची सगळी अंडी दिली होती. ती गेली तर त्या थंडीत वाडीच्या अंगणात पिल्लूच दिसणार नव्हतं, आणि खालाच्या शब्दाला पुन्हा कोणी विचारलं नसतं.

बायकांनी अंड्यांवर खुणा करून दिल्या होत्या. कोणाची हळदीचा ठिपका, कोणाची चुन्याची फुली. चांगुणाबाईंची कोळशाची रेघ. चांगुणाबाई म्हणजे त्या वाडीतली काटक, तिखट बाई. तिनं बारा अंडी दिली होती आणि दर दोन दिवसांनी खाली उतरून काचेतनं आपल्या रेघा मोजून जायची.

बाराव्या दिवशी मी पेटी बघायला गेले. सगळं छान चाललं होतं. उष्णता साडेसदतीस, अंडी तासातासाला आपोआप कूस बदलतायत, पेटीवरच्या दिव्यांच्या पट्टीवर मालकिणीचं नाव सरकतंय. खाला म्हणाली, "बेटा, त्या पट्टीवर नुसतं KHALA येतं. माझं पूर्ण नाव नाय येणार?"

मी म्हटलं, "कशाला खाला?"

ती जरा लाजली. "घर सासऱ्यांच्या नावावर. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर होतं, आता पोराच्या. दुकानाच्या पाटीवर दिराचं. माझं नाव कुठंच लिवलेलं नाय गं. येवढी एक पेटी माझी हाय."

आता सांगा, मी नाही कसं म्हणणार? तिथल्या तिथं लॅपटॉप काढला आणि पूर्ण नाव घातलं: खैरुन्निसा अब्दुल सत्तार मुकादम, मुक्काम कडाव, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. इंग्रजी अक्षरांत, पट्टीवरून सरकत जाणारं. अक्षरं अडखळत होती, कारण चिप मधेमधे उष्णतेचं काम करायला जात होती. मला ते बरं दिसेना. मालकिणीचं नाव अडखळतं? म्हणून मी नावाच्या कामाला सगळ्यांत वरचा नंबर दिला. शिवाय राखणदार कुत्र्याला भाकरी घालायचं कामही नावाकडंच दिलं, कारण तेच आता मोठं. नाव लोण्यासारखं सरकू लागलं. खालानं पट्टीवरून पदर फिरवला. मी चहा पिऊन दहा वाजता निघाले, फार खूश होते.

दोन वाजता वर्कशॉपमध्ये फोन. "बेटा, नाव मस्त चाललंय. पण पेटी गार लागते."

मी लॅपटॉपवर नंबरांची यादी काढून बघितली. KHALA ही पाच अक्षरं सरकून झाली की चिपला उसंत मिळायची, ती बाकीची कामं करून घ्यायची. पण हे लांबलचक नाव संपेपर्यंत पुन्हा सुरू व्हायची वेळ यायची. नाव, नाव आणि नाव. उष्णतेच्या कामाचा नंबर लागलाच नव्हता. हीटर चार तास बंद. आणि कुत्रं? कुत्र्याला नाव वेळच्या वेळी भाकरी घालत होतं, ते कशाला भुंकेल! नवरदेवाचा मामा जेवत बसला होता.

काकांनी मला ओरडावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी फक्त फोन घेतला. "खाला, पेटीवर गोधडी टाका. बाटल्यांत गरम पाणी भरून आत ठेवा. आलोच." टोमॅटोचं घड्याळ वाजलं. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही.

काका आणि मी स्कूटरवर, नरेश मागनं बाईकवर, असे तासाभरात कडावला पोचलो. मला वाटलं, लॅपटॉप जोडतील, नंबर बदलतील, पाच मिनिटांचं काम. पण नाही. "घाईत बिघडवलेलं घाईत दुरुस्त करायचं नाही. पूर्ण नावानिशी दोन तास रिकामं चालवून बघेन, मगच पेटीला लावेन."

"आणि तोवर अंडी?"

"तोवर चिप आपण."

त्यांनी बोर्ड काढून ओट्यावर नेला आणि आम्हाला नंबर वाटले. खाला उष्णता: थर्मामीटर बघून ओरडायचं. नरेश हीटरचं बटण. चांगुणाबाई नेमकी रेघा मोजायला आली होती, तिला अंडी फिरवायला बसवलं. नरेश कुरकुरला, "काका, आमी आता मशीन झालो काय?"

"आणि मी?" मी विचारलं.

"तू नाव. बाकी कोणी बोलत नसेल तेव्हाच पेटीसमोर उभं राहून पूर्ण नाव म्हणायचं. कोणी तोंड उघडलं की थांबायचं."

मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. "खैरुन्निसा अब्दुल..." "छत्तीस!" "चालू केलं!" मी गप्प. "...सत्तार मुकादम, मुक्काम..." "सरका वो जरा, माझी रेघ दिसंना." मी गप्प. दीर दुकान सोडून बघायला आले आणि दारातच थबकले. तीन ते पाच त्यांच्या भावजयीचं नाव त्या घरात जितक्या वेळा घेतलं गेलं, तितकं तिच्या निकाहातही घेतलं गेलं नसेल. खालाला हसू आवरेना, आणि तिला छत्तीसची सदतीस ओरडायचीही होती.

मधेच चांगुणाबाईनं विचारलं, "पर झालं काय गं? गार कशी पडली?"

मी म्हटलं, "मशीन बिघडलं."

ओट्यावर काकांची बोटं थांबली. मग पुन्हा टकटक सुरू झाली.

पाच वाजता त्यांनी बोर्ड लावला. नाव होतं, पूर्ण होतं, पण सगळ्यांत खालच्या नंबरला, आणि कुत्र्याला भाकरी घालायचं काम त्याच्याकडंच ठेवलेलं. मला समजेना. "अगं, भाकरी नेहमी शेवटच्यानं घालायची," काका म्हणाले. "शेवटच्याचा नंबर लागला म्हणजे वरचे सगळे जेवले." मग खालाकडं वळून म्हणाले, "हे नाव सरकत असेल तोवर आत सगळं ठीक. थांबलं की ओरडा." खालानं मान डोलावली. त्या दिवसापासून ती येताजाता पट्टी बघायची, आणि आता तिला अक्षरं जरा अडखळलेली चालत होती.

परतताना काका स्कूटरवर मान न वळवता म्हणाले, "मशीन बिघडलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे."

एकविसाव्या दिवशी सकाळी मी घरून फोन केला, ताप आहे म्हणून. काका म्हणाले, "किती?" "म्हणजे?" "ताप किती? मोजून सांग. साडेसदतीस असेल तर उबवायला ये." आणि फोन ठेवला. आई शेजारीच होती, ती एवढी हसली की मला घरात बसणं अशक्य झालं. टमटम पकडून कडावला गेले.

खालाचं अंगण बायकांनी भरलं होतं. टोपलीत पिवळी, काळी, ठिपक्यांची पिल्लं चिवचिवत होती. आणि काका डोक्याला हात लावून बसले होते. मला वाटलं, संपलं सगळं. तर नाही. "खुणा टरफलावर!" ते म्हणाले. "आता कुठलं पिल्लू कोणाचं?" खरंच की. एकवीस दिवस आम्ही सगळ्यांनी त्या हळदी-चुन्याच्या खुणा जिवापाड जपल्या होत्या, आणि पिल्लं कोरी करकरीत बाहेर आली होती. हे ना काकांच्या डोक्यात आलं, ना माझ्या, ना अकरा घरांतल्या कोणाच्या.

खुणा उरल्या होत्या त्या फक्त न फुटलेल्या अंड्यांवर. ती खालानं एका ताटात मांडली होती. चुन्याची एक, हळदीची दोन. कोळशाची रेघ नऊ. पेटीत चांगुणाबाईच्या अंड्यांचा ट्रे दाराच्या बाजूला होता, तिथं सगळ्यांत आधी गार पडलं होतं. बारातली नऊ.

ती त्या नऊ अंड्यांकडं बघत उकिडवी बसली होती. एकेक उचलायची, कानाशी न्यायची, ठेवायची. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "मशीन बिघडलं नव्हतं. मी खालाचं नाव वर घातलं, त्यामुळं हीटर बंद राहिला. माझ्यामुळं गेली ही. मी खोटं बोलले."

पिल्लंच काय ती ओरडत होती. खाला पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. मग वाडीतली एक म्हातारी म्हणाली, "चांगुणे, तू आदी उचल. बारा मोजून घे. आमी मग घेऊ." बाकीच्यांनी माना हलवल्या. चांगुणानं टोपलीत हात घालून बारा पिल्लं निवडली, चांगली दणकट बघून, आणि पदरात घेतली. मी तिथंच बसून राहिले. ती उठली, माझ्याकडं बघितलं.

"तोंड कशाला पाडलंस गं? कोंबडी बी उठतेच की अंड्यांवरनं. तिला चरायचं नाय? पानी प्यायचं नाय? तवर गार व्हतात अंडी."

काका एकदम पुढं सरसावले, वही काढली. "किती वेळ उठते? मिनिटांत सांगा."

"मी काय घड्याळ लावून बसतंय? पोट भरलं का येते."

काकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

चांगुणाबाईनं पदर सावरला. आतून एक चोच बाहेर आली, ती तिनं बोटानं आत ढकलली. दोन पावलं गेली आणि वळून मला म्हणाली, "परत येऊन बसते, म्हून तर पिल्लं निघतात. खाला म्हनली व्हती तू यायची नाय. आलीस की."